स्नॅप रिस्टोअर: कामाला चोख, पण विचारत नाही

जुनी ॲप्स आवरण्याच्या भरात मी उबुंटू या लिनक्स प्रणालीवरून फायरफॉक्स ब्राउझरही काढून टाकला. तिथे ॲप्स बसवण्या-काढण्याचे साधन म्हणजे स्नॅप. 'सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स' असे टंकल्यावर त्याचा डेटा स्वयंचलित स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) संच क्रमांक 12 मध्ये जतन होत असल्याची एक ओळ टर्मिनलवर उमटली, पण तिच्याकडे मी लक्ष दिले नाही. फायरफॉक्स पुन्हा बसवल्यावर तो कोराकरकरीत उघडला, तेव्हा कुठे बुकमार्कांची आठवण झाली.

सुदैवाने 'स्नॅप सेव्ह्ड' ही आज्ञा देताच संच क्रमांक, ॲपचे नाव, वय, आवृत्ती आणि आकार यांचा तक्ता समोर आला. शेवटच्या रकान्यात 'ऑटो' असेल, तर तो संच ॲप काढताना आपोआप बनलेला असतो. 'सुडो स्नॅप रिस्टोअर 12' एवढ्या एका ओळीत बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जागच्या जागी आले. स्नॅपशॉटमध्ये ॲप नसते, फक्त त्याचा डेटा आणि सेटिंग असतात. ॲप आपण वेगळे बसवायचे. काढताना 'पर्ज' हा पर्याय जोडला असता, तर मात्र हा संच बनलाच नसता.

माझी तक्रार वेगळी आहे. 'रिस्टोअर' ही आज्ञा खात्री करून घेण्यासाठी एकदाही थांबत नाही आणि सध्याच्या डेटाच्या जागी सरळ जुना डेटा आणून ठेवते. शिवाय नुसता क्रमांक दिला, तर त्या संचातील सगळ्या ॲप्सचा डेटा मागे जातो. पुढे एकदा, मीच 'स्नॅप सेव्ह'ने घेतलेल्या सर्व ॲप्सच्या संचातून फक्त फायरफॉक्स परत आणायचा असताना क्रमांकापुढे त्याचे नाव लिहायला विसरलो आणि थंडरबर्ड या ईमेल ॲपमध्ये आठवडाभर बसून बनवलेले फिल्टर गमावले. चूक माझीच, पण 'खरोखर करायचे का?' एवढे विचारले असते, तर ती टळली असती. आता रिस्टोअरपूर्वी मी त्या ॲपचा ताजा संच घेतो आणि 'चेक-स्नॅपशॉट'ने जुना संच शाबूत आहे ना, हे पाहतो.

हाताने घेतलेला संच 'स्नॅप फर्गेट' म्हणेपर्यंत राहतो. आपोआप बनलेला मात्र 31 दिवसांनी पुसला जातो. मी ती मुदत 60 दिवसांची केली आहे. गंमत म्हणजे ती तासांत लिहावी लागते: 1440.