शूटिंग रेंजचे नियम आणि त्यामागची वृत्ती: एका रेंजविषयी अभिप्राय

शूटिंग रेंज निवडताना बहुतेक जण आधी सामग्री पाहतात. लेन किती आहेत, टार्गेट इलेक्ट्रॉनिक आहेत की कागदी, भाड्याने मिळणाऱ्या रायफली कोणत्या अवस्थेत आहेत, याची चौकशी होते आणि ती व्हायलाही हवी. मी सध्या ज्या रेंजवर सराव करतो तिथे १० मीटरचा एअर रायफल आणि एअर पिस्तूल विभाग आहे, .२२ बोअरच्या, म्हणजे काडतूस लागणाऱ्या छोट्या बोअरच्या बंदुकांसाठी वेगळा बंदिस्त विभाग आहे आणि दोन्हींची देखभाल नीट होते. तरीही या रेंजची शिफारस मी करतो ती तिथले नियम ज्या वृत्तीने पाळले जातात त्या वृत्तीसाठी.

नियम म्हणून पाहिले तर त्यांत नवे काही नाही. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. ज्याचा नाश झालेला चालणार नाही अशा कशावरही नळी रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवू नये. आणि लक्ष्य काय आहे व त्याच्या मागे काय आहे याची खात्री करून घ्यावी. अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले हे चार नियम थोड्याफार फरकाने जगभरच्या रेंजवर लावलेले दिसतात. फरक पडतो तो समजावून देण्यात. इथल्या रेंज ऑफिसरने, म्हणजे सरावावर देखरेख करणाऱ्याने, पहिल्याच सत्रात असे सांगितले की, यांतला एक नियम मोडला तरी बाकीच्यांनी माणसाचा जीव वाचावा, अशी त्यांची रचना आहे. बंदूक रिकामी समजून कोणी चुकून चाप ओढला, पण नळी टार्गेटच्या दिशेला असली, तर फक्त आवाज होतो आणि भिंतीला एक भोक पडते. म्हणजे माणूस कधी ना कधी विसरणार, हे या नियमांनी आधीच मान्य केलेले आहे. त्यांत समोरच्याच्या हेतूविषयी शंका नाही, माणसाच्या लक्षाला मर्यादा असते याची जाणीव आहे, आणि ती अनुभवी नेमबाजालाही तितकीच लागू होते.

ही जाणीव इथे रोजच्या व्यवहारात दिसते. ऑफिसर रायफल देताना बोल्ट (मागची खीळ) उघडतो, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या पोकळीत पाहतो, मग ती तुमच्या हाती देतो. आणि त्याने तुमच्या डोळ्यांदेखत तपासलेली असली तरी तुम्ही पुन्हा तपासल्याशिवाय तो बाजूला होत नाही. परत घेताना हाच क्रम उलट होतो. सराव थांबला की चेंबरमध्ये भडक नारिंगी रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालायचा, म्हणजे बंदूक रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. रेंजवरचे सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षक, ज्यांना कोणीही टोकण्याची शक्यता नाही, तेसुद्धा आपल्या रायफलीचा फ्लॅग न घालता जागेवरून हलत नाहीत.

एकदा सराव रंगात असताना कोणाच्या तरी पेलेटची, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांची डबी फायरिंग लाइनच्या (जिथून गोळी झाडतात त्या रेषेच्या) पलीकडे पडली आणि तो नेमबाज ती उचलायला वाकला. शेजारच्या लेनवरची एक शाळकरी मुलगी मोठ्याने ‘स्टॉप’ म्हणाली. त्याच क्षणी सगळ्या लेन थांबल्या. तिच्या पलीकडे एक जण स्पर्धेसारखी वेळ लावून ६० शॉटची मालिका पूर्ण करत होता. त्यानेही रायफल खाली घेतली आणि चकार शब्द काढला नाही. ऑफिसरने सर्वांना बंदुका रिकाम्या करायला लावल्या, डबी स्वतः उचलून आणली आणि त्या मुलीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. थांबण्याचा आदेश कोणीही देऊ शकतो, हे बहुतेक रेंजच्या फलकावर लिहिलेले असते. तो अधिकार शाळकरी मुलीला निःसंकोच वापरता यावा, असे वातावरण मात्र तयार करावे लागते.

याच्या अगदी उलट अनुभव मी दुसऱ्या एका रेंजवर घेतला आहे. फलकावरचे नियम जवळजवळ हेच होते, पण ऑफिसर नवख्यांवर खेकसत असे आणि ओळखीच्या माणसांनी बोट ट्रिगरवर ठेवून गप्पा मारल्या तरी तिकडे काणाडोळा करत असे. अशा ठिकाणी लोक नियम शिकत नाहीत, ऑफिसर कुठे पाहतो आहे ते शिकतात. याचा धोका .२२ च्या विभागात सर्वाधिक असतो. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर ते काही क्षण उशिरा उडू शकते, म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचे असते. ओरडा खाण्याच्या भीतीने वावरणारा नवखा नेमका याच वेळी गडबडून मागे वळतो. इथे मात्र अशा वेळी ऑफिसर शांतपणे शेजारी येऊन उभा राहतो आणि सेकंद मोजतो.

आरोग्याच्या नियमांतही हीच काळजी जाणवते. गोळ्यांतले आणि प्रायमरमधले (काडतुसातल्या ठिणगी देणाऱ्या मिश्रणातले) शिसे हातांवर, कपड्यांवर बसते. ते पोटात जाऊ नये आणि घरी लहान मुलांपर्यंत पोहोचू नये, म्हणून रेंजवर खाणेपिणे बंद असते. या रेंजने बेसिन आणि साबण बाहेर पडण्याच्या दारालगतच ठेवले आहेत, त्यामुळे हात धुण्याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. बंदिस्त विभागातली हवा नेमबाजाच्या पाठीमागून टार्गेटकडे वाहते आणि धूर तोंडावर येत नाही. झाडू वापरून शिशाची धूळ उडवण्याची पद्धत इथे नाही, हेही नमूद करतो.

एका बाबतीत माझी स्पष्ट नापसंती आहे. ‘पेलेट रेंजवरूनच विकत घ्यावेत’ हे वाक्य सुरक्षेच्या फलकावर, ‘नळी टार्गेटकडे ठेवा’ याच्या खालोखाल लिहिलेले आहे. पोलादी छर्रे उसळून परत येतात, म्हणून त्यांना बंदी हवीच. पण शिशाचे सपाट टोकाचे ४.५ मिलिमीटरचे पेलेट दुसरीकडून आणल्याने कोणाला इजा होणार आहे? रेंजला विक्रीतून उत्पन्न हवे असेल तर ते गैर नाही, मात्र ते तसे सांगावे. कारण न पटणारा एक नियम त्या फलकावर आला की नवखा माणूस उरलेल्या नियमांकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. मी हे व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे. उत्तर सौजन्याचे आले, पण फलक अजून बदललेला नाही.

पहिल्याच दिवशी भराभर गोळ्या झाडण्याची हौस असलेल्यांना ही रेंज संथ वाटेल. पहिल्या सत्राचा जवळजवळ अर्धा वेळ रिकाम्या रायफलीवर जातो: उभे राहणे, श्वास, बोट कुठे ठेवायचे, आदेश ऐकताच काय करायचे. मुलांना नेमबाजी शिकवायची असेल, किंवा मोठेपणी शून्यापासून सुरुवात करायची असेल, तर तेवढा वेळ हाताशी ठेवूनच या रेंजवर नाव नोंदवावे.