औषधांची आठवण करून देणारं ॲप : आप्पांच्या अँजिओप्लास्टीनंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले दोन तर एकाच फीचरचे आहेत, ते पुढे सांगते. ॲपचं नाव देत नाहीये कारण प्ले स्टोअरवर अशी ढिगाने आहेत आणि बहुतेकांचा गाभा तोच, गोळीचं नाव टाका, वेळ टाका, वेळ झाली की फोन बोंबलणार, मग ‘घेतली’ नाहीतर ‘टाळली’ दाबायचं.

आमच्याकडे वापरणारे म्हणजे आप्पा. कराडला ते आणि आई दोघंच, मी पुण्यात. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकून घरी आले तेव्हा कागदावर ही यादी, उपाशीपोटी पँटोप्राझोल, नाश्त्यानंतर ॲस्पिरिन ७५, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, रात्री ॲटोरवास्टॅटिन, आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारी टिकॅग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ. खरी काळजी शेवटचीची. तिचा असर लवकर उतरतो म्हणून दिवसातून दोनदा घ्यायची, आणि नव्या स्टेंटमधे गुठळी होऊ नये म्हणून ती आणि ॲस्पिरिन साधारण वर्षभर डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नसते. सकाळच्या गोळ्या कुणी विसरत नाही हो, चहा-नाश्त्यात होऊन जातात, घोळ सगळा रात्रीचा, आप्पा भजनाला गेलेले आणि फोन घरी चार्जिंगला.

सेटअपला वेळ लागतो. आपल्याकडचे ब्रँड ॲपच्या यादीत निम्मे सापडत नाहीत, दोन औषधं एकत्र असलेली कॅप्सूल तर नाहीच, सगळं हातानं टाकावं लागलं. भाषा इंग्रजी नाहीतर हिंदी, मराठी नाही. पण गोळीचा फोटो लावता येतो ते झकास आहे, कारण मेडिकलवाला एकदा या कंपनीची देतो एकदा त्या, जनऔषधीतून आणली की पाकीट अजून वेगळं, आणि रंग बदलला की आप्पांना वाटतं चुकीची गोळी आली. ‘गोळ्या संपत आल्या’ हा मेसेजपण कामाचा, फक्त नीट भरा, कारण कुठलं पाकीट दहाचं, कुठलं चौदाचं, कुठलं पंधराचं, सगळी एकदम कधीच संपत नाहीत.

आता वैताग. मधेच अलार्म वाजायचाच बंद झाला. फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली ॲप झोपवतो म्हणे. सेटिंगमधे ॲपच्या नावापुढे बॅटरीचं बंधन काढून टाकलं, नोटिफिकेशनची परवानगी परत दिली, मग सुरळीत. हे ॲपनं पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरात सांगायला हवं होतं, सत्तरीच्या माणसाला हे कुठून कळणार?

दुसरी भानगड जास्त मजेशीर. ॲपमधे हिरवागार चार्ट, शंभर टक्के गोळ्या घेतल्या, आणि आई फोनवर सांगतेय की डब्यात रात्रीची गोळी तशीच आहे. आप्पा आवाज बंद करायला ‘घेतली’ दाबत होते! म्हणजे ॲपला कळतं ते बटण दाबल्याचं, गोळी पोटात गेल्याचं नाही. हे फक्त आमच्याच घरी होत असेल असं वाटत नाही. मेडिसेफ नावाचं एक प्रसिद्ध ॲप आहे (आमचं ते नाही), त्याची अमेरिकेत ४११ बीपीच्या पेशंटवर बारा आठवडे चाचणी झाली, २०१८ ला छापून आली. लोकांनी स्वतःच सांगितलेल्या उत्तरांवरून गोळ्या घेणं किंचित सुधारलं, पण ॲप वापरणारे आणि न वापरणारे यांच्या बीपीत फरक दिसला नाही.

उलट लंडनमधे २०१४ ची एक चाचणी आहे, त्यात ॲपबिॲप काही नाही, साधे एसएमएस. बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारे ३०३ लोक, अर्ध्यांना मेसेज जायचा, गोळी घेतली का, उत्तर द्या, आणि घेत नाही असं कळलं की माणूस फोन करून विचारायचा काय झालं. सहा महिन्यांनी मेसेज नसलेल्यांत २५ टक्के लोक गोळ्या नीट घेत नव्हते, मेसेजवाल्यांत ९ टक्के. माझ्या मते सगळी गंमत त्या फोनमधे आहे.

म्हणूनच ते दोन स्टार. ॲपमधे घरच्या एकाचा नंबर जोडता येतो, ठरलेल्या वेळेत बटण दाबलं नाही की मला मेसेज येतो आणि मी आप्पांना फोन लावते. आता डबा आईच्या ताब्यात आणि बटणपण तीच दाबते, गोळी गिळलेली बघून. आप्पा कुरकुरतात, ‘पाळत ठेवता होय माझ्यावर’, पण लेकीचा फोन येऊ नये म्हणून भजनाला जाताना गोळी खिशात टाकून नेतात. बटणाची नोंद खरी असली की डबल डोसपण टळतो, तोही धोका असतोच, मेडिसेफ काढणाऱ्या इस्रायलच्या दोन भावांना ती कल्पना सुचली तीच मुळी वडलांनी चुकून दुसऱ्यांदा इन्सुलिन घेतल्यावर. सुटलेल्या गोळीचं आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, पुढची वेळेवर एकच घ्यायची, दोन नाही, तेवढं मी आप्पांच्या ॲपमधे नोट म्हणून टाकलंय.

हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेल्यांनी मात्र जपून. आत्याला ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) रिपोर्ट आला की डोस बदलतो, कधी एक दिवस २ एक दिवस ३ असं, आणि या ॲपमधे त्यासाठी दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात, जुनी पुसायची राहिली की दोन्ही वाजणार. तिच्यासाठी फ्रिजवर कॅलेंडरच बरं.

पैसे भरायची व्हर्जन घेऊ नका, त्यात जाहिराती जातात आणि अलार्मचे आवाज जास्त मिळतात एवढंच, घरच्यांचा नंबर फुकटातपण जोडता येतो.