बोटाचा ऑक्सिमीटर, मनगटावरचं स्मार्टवॉच की छातीचा पट्टा?

घरात सत्तरीपुढचं कुणी असेल आणि एकच वस्तू घ्यायची असेल, तर घड्याळाचा मोह आवरा, ऑक्सिमीटर घ्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत २०२० साली तो दारोदार फिरला, त्यामुळे तो कसा लावायचा हे शिकवावं लागत नाही.

ऑक्सिमीटर आणि घड्याळ, दोन्हींचं तत्त्व एकच. ठोक्यागणिक त्वचेखाली थोडं जास्त रक्त येतं, ते प्रकाश शोषतं आणि सेन्सरला तेवढा कमी मिळतो. अमेरिकी शरीरक्रिया-शास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी हे १९३० च्या दशकातच दाखवलं होतं. अडचण एवढीच, की हा चढउतार बहुधा एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्क्यांचाच. बाकी सगळं त्वचा, मांस आणि हाड. म्हणून घड्याळ जरा हललं की हिशोब बिघडतो.

ऑक्सिमीटर सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवतो. दोन्ही किती शोषले गेले यावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी ठरते. ही युक्ती निहोन कोहडेन या जपानी कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. घड्याळाला आरपार जायला वाव नाही, ते त्वचेवरून परतणारा प्रकाश वाचतं. नाडीसाठी बहुधा हिरवा, कारण रक्त तो भरपूर शोषतं आणि तो फार खोल जात नाही. त्यामुळे नाडी ठीक मिळते, पण मनगटावरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर मी औषधाचा निर्णय घेणार नाही.

'रक्ताचं प्रमाण मोजतो' अशा जाहिरातीला भुलू नका. यात कळतो तो फक्त चढउतार, मिलिलिटर नव्हे. काही ऑक्सिमीटरवर 'पीआय' (बोटात येणाऱ्या नाडीचा जोर) नावाचा छोटा आकडा असतो, तो मात्र कामाचा. हात गार असले की तो घसरतो आणि वरचा ऑक्सिजनही डळमळतो. तळवे चोळा, नेलपॉलिश काढा, आकडा स्थिरावेपर्यंत हात टेबलावर ठेवा.

घड्याळ जिंकतं ते रात्री. झोपेतले ठोके, महिन्याभराचा कल, अनियमित लय, हे चिमटा लावून कोण बघणार? ॲपलच्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोक होते, त्यातल्या ०.५२ टक्के जणांना अनियमित नाडीची सूचना आली. सूचना म्हणजे निदान नव्हे, पुढे ईसीजी लागतोच.

धावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पट्टा सैल असला की घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतं, आणि सावकाश धावतानाही १७० दिसतात. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधलं तर बरंच सुधारतं. पण थांबून-थांबून वेगाने धावायचा सराव असेल तर छातीचा पट्टाच घ्या. तो हृदयाची विद्युत लहर पकडतो, प्रकाशाचा संबंधच नाही. फक्त पट्ट्याच्या आतले, छातीला टेकणारे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायला विसरू नका. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवणारी ॲप्स गंमत म्हणून ठीक.

आपल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा त्वचेच्या रंगाचा. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. २०२० च्या अमेरिकी अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजमापांत आढळलं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. तेव्हा आजोबांना चार शब्द बोलताना धाप लागत असेल आणि पडद्यावर ९५ असेल, तर धाप खरी धरा आणि डॉक्टरांना फोन लावा.