प्लस-मायनस की प्लस-प्लस?
सेमिनारला कुठली थिअरी धरू विचारतोयस ना, तर बघ. लोहवाल्या सुपरकंडक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाखाली शून्य रोधाने वीज वाहून नेणाऱ्या लोहाच्या संयुगांमध्ये (२००८ ला जपानच्या होसोनोंच्या ग्रुपने २६ केल्विनवाला दाखवला आणि वाद सुरू झाला) इलेक्ट्रॉनांची जोडी जमवतं कोण? दोन थिअरी आहेत: एस प्लस-मायनसमध्ये स्पिनचे (इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणाचे) चढउतार, एस प्लस-प्लसमध्ये ऑर्बिटलचे (अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-कक्षांचे). पहिल्यात होल आणि इलेक्ट्रॉन पॉकेटवर (वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे दोन वेगळे गट) गॅपचं, म्हणजे जोडी तोडायला लागणाऱ्या ऊर्जेशी जोडलेल्या राशीचं, चिन्ह एकमेकांच्या उलटं, दुसऱ्यात सारखंच. न्यूट्रॉन विखुरण्याच्या प्रयोगात टीसीखाली (टीसी म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होण्याचं तापमान) जे रेझोनन्सचं शिखर, म्हणजे ठरावीक ऊर्जेला वाढलेलं विखुरणं, दिसतं ते उलट्या चिन्हातून सहज निघतं, मला तर हा पुरावा फार भारी वाटतो. अशुद्धी मिसळली की मात्र बऱ्याच नमुन्यांत टीसी प्लस-मायनसच्या अपेक्षेपेक्षा हळू पडतो, तिथे प्लस-प्लस सरस. म्हणजे न्यूट्रॉनवर बोलणार असशील तर प्लस-मायनस घे, अशुद्धीवर असेल तर प्लस-प्लसला टाळू नकोस.