माइनक्राफ्ट सर्व्हरचा लॅग शोधायला स्पार्क घ्यावा की ऑब्झर्व्हेबल?

माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर सेकंदाला 20 टिक (जगाची स्थिती पुढे नेणारे टप्पे) चालवतो, म्हणजे एका टिकच्या वाट्याला 50 मिलिसेकंद येतात. काम त्याहून लांबलं की दरवाजे उशिरा उघडतात, फोडलेला ब्लॉक पुन्हा जागेवर दिसतो आणि लॉगमध्ये ‘कान्ट कीप अप’ची ओळ येते. या रखडण्याचं, म्हणजे लॅगचं, कारण शोधायला आज दोन मॉड (खेळात वरून घालायचे जोड) खरोखर कामाचे आहेत. स्पार्क सांगतो की सर्व्हरचा वेळ कोणत्या कामात गेला. ऑब्झर्व्हेबल सांगतो की जगात कोणत्या जागी गेला. निवड करताना हा फरक सगळ्यात आधी पाहावा.

त्याआधी लॅग सर्व्हरचाच आहे ना, याची खात्री करा. 1.20.3 पासून खेळातच ‘/टिक क्वेरी’ ही आज्ञा आहे (सगळ्या आज्ञा टाइप करायच्या त्या रोमन अक्षरांत). ती टिकचा सरासरी वेळ आणि पी50, पी95, पी99 हे आकडे देते (पी99 म्हणजे 99 टक्के टिक ज्या वेळेच्या आत संपले तो वेळ). सरासरी 50 च्या बरीच खाली आणि पी99 सुद्धा खाली असेल, तर सर्व्हर निर्दोष आहे. एफ3 दाबून एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) पाहा. ते कमी असेल तर दोष खेळाडूच्या संगणकाकडे आहे. पुण्यातला खेळाडू युरोपातल्या सर्व्हरवर खेळत असेल तर पिंगच (संदेश जाऊन परत यायचा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या बराच वर जातो, आणि ते अंतर कोणताही प्रोफायलर (वेळ कुठे गेला ते मोजणारं साधन) कमी करू शकत नाही.

स्पार्क साधारण दर 4 मिलिसेकंदांनी सर्व्हर थ्रेडकडे (टिकचं काम जिथे चालतं त्या मुख्य धाग्याकडे) डोकावून त्या क्षणी कोणतं फंक्शन चालू आहे ते टिपतो. अशा हजारो नोंदींतून टक्केवारी निघते. प्रत्येक गोष्टीला वेगळं घड्याळ लावलेलं नसल्याने भार फार थोडा पडतो, त्यामुळे भर गर्दीतही तो चालवता येतो. गर्दीतच चालवावा, रिकाम्या सर्व्हरची नोंद निरुपयोगी असते. ‘/स्पार्क प्रोफायलर स्टार्ट --टाइमआउट 300’ दिलं की 5 मिनिटांनी अहवालाची लिंक येते. ती ब्राउझरमध्ये उघडून ‘सर्व्हर थ्रेड’ उलगडत खाली जायचं.

नवखे इथे हमखास फसतात. ‘वेट अन्टिल नेक्स्ट टिक’ या ओळीसमोर 60 टक्के दिसले की तोच गुन्हेगार वाटतो. प्रत्यक्षात तो सर्व्हरचा मोकळा वेळ आहे. तो जितका जास्त, तितकं बरं. पाहायचं ते टिकच्या कामाखालच्या फांद्यांकडे: एंटिटी (प्राणी, व्हिलेजर, पडलेल्या वस्तू), ब्लॉक एंटिटी (हॉपर, भट्टीसारखे काम करणारे ब्लॉक), चंक (जगाचे 16×16 ब्लॉकचे तुकडे), प्लगइनची (सर्व्हरवर घालायच्या जोडांची) कामं. ‘सोर्सेस’ दृश्यात तोच वेळ मॉड किंवा प्लगइननुसार विभागलेला मिळतो.

लॅग सतत नसून मधूनच झटका बसत असेल तर सरासरीत तो बुडून जातो. अशा वेळी स्टार्टच्या आज्ञेला ‘--ओन्ली-टिक्स-ओव्हर 100’ जोडा. मग 100 मिलिसेकंदांपेक्षा लांबलेल्या टिकच धरल्या जातात. असे टिक विरळ असतात, म्हणून नोंद जास्त वेळ चालू ठेवावी लागते. जोडीला ‘/स्पार्क जीसीमॉनिटर’ लावा. झटके आणि गार्बेज कलेक्शनचे (जावाने नको झालेली मेमरी मोकळी करण्याचे) थांबे एकाच वेळी येत असतील तर मॉड काढत बसण्यात अर्थ नाही. मेमरीची मर्यादा आणि जावाचे फ्लॅग (सुरू करताना द्यायचे पर्याय) तपासा.

विंडोजवर एक मर्यादा आहे. लिनक्स आणि मॅकवर स्पार्क असिंक-प्रोफायलर हे साधन वापरतो. विंडोजवर त्याला जावाच्या साध्या पद्धतीवर भागवावं लागतं. ती ठराविक सुरक्षित थांब्यांवरच डोकावते, त्यामुळे कधी कधी शेजारच्या फंक्शनवर आळ येतो.

ऑब्झर्व्हेबल प्रत्येक एंटिटी आणि ब्लॉक एंटिटीच्या टिकला किती मायक्रोसेकंद लागले ते वेगवेगळं मोजतो. ‘/ऑब्झर्व्हेबल रन 30’ दिलं की 30 सेकंदांनी निकाल येतो, आणि खेळाडूकडेही मॉड असेल तर आकडे थेट जगातल्या त्या त्या वस्तूवर रंगासह दिसतात. स्पार्क म्हणतो, ‘व्हिलेजरच्या (खेळातल्या गावकऱ्यांच्या) मेंदूला 40 टक्के.’ पण कोणत्या गावातले व्हिलेजर? स्पार्कचा ‘वर्ल्ड’ भाग चंकनिहाय संख्या देतो, वेळ देत नाही. ऑब्झर्व्हेबल त्या व्यापार-दालनासमोर नेऊन उभा करतो. एकेक व्हिलेजर 100 मायक्रोसेकंद खात असेल, तर 200 व्हिलेजर मिळून 20 मिलिसेकंद, म्हणजे टिकचा 40 टक्के वेळ. मोठ्या मॉडपॅकमधल्या (अनेक मॉडच्या संचातल्या) यंत्रांच्या जंगलात आणि हॉपरच्या (वस्तू पुढे सरकवणाऱ्या ब्लॉकच्या) लांबलचक रांगांत ही माहिती अमूल्य आहे.

मात्र त्याला तेवढंच दिसतं. नवे चंक तयार होणं, जग डिस्कवर लिहिणं, गार्बेज कलेक्शन हे सगळं त्याच्या नजरेबाहेर राहतं. ऑब्झर्व्हेबलमध्ये सगळं हिरवं असूनही सर्व्हर रखडत असेल तर कारण बहुधा यातच असतं. शिवाय स्पार्क प्लगइन म्हणूनही मिळतो, पण ऑब्झर्व्हेबल फक्त मॉड असल्याने पेपर किंवा स्पिगॉट या प्लगइनवर चालणाऱ्या सर्व्हरवर चालत नाही.

पेपर 1.21 किंवा पुढचं असेल तर प्रश्नच मिटला: स्पार्क आतच आहे, जुन्या ‘टायमिंग्स’ या मोजणी-साधनाच्या मागे लागू नका. फॅब्रिक, फोर्ज किंवा निओफोर्ज (मॉड चालवणारे लोडर) असेल तर आधी स्पार्क. त्यात एंटिटी किंवा ब्लॉक एंटिटीची फांदी जाड निघाली तरच ऑब्झर्व्हेबल घाला. फोर्ज 1.12.2 च्या जुन्या मॉडपॅकवर ऑब्झर्व्हेबलचं काम लॅगगॉगल्स हा मॉड करतो. एफपीएसचा त्रास असेल तर स्पार्क खेळाडूच्या संगणकावर घालून ‘/स्पार्कसी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा वापरा. बेडरॉक या जावाहून वेगळ्या आवृत्तीच्या अधिकृत सर्व्हरला यातलं काहीच लागू नाही.

स्पार्कची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडता येते, आणि अहवालात सर्व्हरच्या सेटिंग्जचा तपशीलही असतो. चारचौघांत टाकायची नसेल तर ‘/स्पार्क प्रोफायलर स्टॉप --सेव्ह-टू-फाइल’ देऊन फाइल स्वतःकडे ठेवा. उपाय करताना, मग ते सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती चंकांपर्यंत जग चालू राहतं ते अंतर) 10 वरून 6 करणं असो की व्हिलेजर कमी करणं, एका वेळी एकच बदल करा आणि तितक्याच खेळाडूंसह, तितकीच मिनिटं पुन्हा नोंद घ्या. खेळाडू निम्मे असताना घेतलेल्या नोंदीत प्रत्येक उपाय यशस्वीच दिसतो.