कंबरदुखीसाठी व्हायब्रेशन प्लेट की जमिनीवरचा व्यायाम?

माझ्या मामांनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. कंबर गेली ती त्या सीटवर, असं ते अजूनही सांगतात. मागच्या दिवाळीत धाकट्या भावाने त्यांना मोबाइलवर व्हायब्रेशन प्लेट, म्हणजे विजेवर थरथरणारा पाट, दाखवली. वर उभं राहायचं, बटण दाबायचं, दहा मिनिटांत कंबर मोकळी. मामांनी एकच विचारलं, "अरे, ज्या हादऱ्यांनी कंबर मोडली, त्याच हादऱ्यांनी ती जुळेल कशी?"

प्रश्न अगदी नेमका आहे. प्लेट विकत घ्यायची, फिजिओच्या क्लिनिकमध्ये तिच्यावर उभं राहायचं, की सतरंजी टाकून साधा व्यायाम करायचा, हे ठरवण्याआधी त्याचं उत्तर हवं.

बसलेल्या माणसाच्या कण्याची नैसर्गिक कंपनसंख्या साधारण 4 ते 6 हर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला 4 ते 6 कंपनं. ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबी यांच्या सीटचे हादरे बऱ्याचदा त्याच्याच आसपास असतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका वाढत जातो, तसंच कण्याचं होतं, आणि तेही तासन्‌तास, वर्षानुवर्षं. म्हणूनच युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशात कामगारांसाठी सीमा आखली: आठ तासांच्या हिशेबाने कंपनाचा प्रवेग 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला की मालकाने उपाय करायचे, आणि 1.15 च्या वर जाऊच द्यायचा नाही.

प्लेटचं गणित वेगळं आहे. तिथे माणूस उभा असतो, गुडघे वाकवलेले असतात, वेग सहसा 15 हर्ट्झच्या वर असतो आणि एक फेरी मिनिटभराची. पायांचे स्नायू शॉक ॲब्सॉर्बरचं काम करतात. प्रत्येक थरथरीबरोबर स्नायू किंचित ताणला जातो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने आखडतो. थोडक्यात, प्लेट हा आयता मसाज नाही, तो व्यायामच आहे. पण गुडघे ताठ ठेवून उभं राहिलात तर हादरा थेट कण्यातून डोक्यापर्यंत जातो. प्लेट 30 हर्ट्झवर, वर-खाली दोन-दोन मिलिमीटर हलत असेल, तर तळपायाशी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट होतो. म्हणून "नुसतं उभं राहा" ही जाहिरात मला धोक्याची वाटते.

आता गुण येतो का? इथे एक गोष्ट कायम विचारावी: तुलना कशाशी केली? 2011 मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांनी बारा आठवडे प्लेट वापरली आणि त्यांचं दुखणं कमी झालं. समोरचा गट मात्र कुठलाही खास व्यायाम करत नव्हता. काही न करण्यापेक्षा काहीतरी करणं बरं, एवढंच त्यातून कळतं. मला जास्त मोलाचा वाटतो तो जर्मनीतला 2002 चा अभ्यास. साठ रुग्ण घेतले. अर्ध्यांनी प्लेटवर गुडघे वाकवून कंबरेच्या संथ हालचाली केल्या, अर्ध्यांनी पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम केला, थरथर अजिबात नाही. तीन महिन्यांत अठरा सत्रं झाली. दुखणं दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं. पाठीची ताकद मात्र साध्या व्यायामाच्या गटात जास्त वाढली.

प्लेट फसवी आहे असं मी म्हणत नाही. पण ती साध्या व्यायामाला मागे टाकत नाही, आणि साध्या व्यायामाच्या बाजूने पुरावा कितीतरी मोठा आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात कंबरदुखीसाठीच्या व्यायामाचे 249 अभ्यास होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची शिफारस केली, आणि कमरेचे पट्टे व ट्रॅक्शन (कणा ताणून धरणं) सरसकट वापरू नये असं सांगितलं. चालण्याचंच घ्या. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या 701 लोकांवर झालेला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की फिजिओच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला मध्यकाच्या (रांगेतल्या मधल्या माणसाच्या) हिशेबाने 208 दिवस लागले. न चालणाऱ्यांची 112 दिवसांत धरली. आणि चालायला लागतात ते फक्त बूट.

खर्चाचं थोडक्यात: घरगुती प्लेटला काही हजार, क्लिनिकमधल्या चांगल्या यंत्राला लाखांत. घरगुती प्लेटवर वेगाच्या जागी नुसते 1 ते 99 आकडे असतील आणि हर्ट्झ व मिलिमीटर कुठेच लिहिलेले नसतील, तर पाय नेमके कशावर ठेवतोय हेच कळत नाही. ती मी घेणार नाही.

तरीही प्लेट कुणाच्या उपयोगाची? जमिनीवर बसणं-उठणंच जड जातं अशांच्या, किंवा व्यायाम सुरू करून दर वेळी आठवड्यात सोडणाऱ्यांच्या. क्लिनिकमध्ये फिजिओ शेजारी उभा असताना, गुडघे वाकवून, कमी वेगावर, अर्ध्या-एक मिनिटाच्या फेऱ्यांनी सुरुवात करावी.

गरोदर बायका, पेसमेकर बसवलेले, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली, ताजं फ्रॅक्चर किंवा नुकतंच ऑपरेशन, फिट येणारे, मूतखडा असलेले, मणक्यांमधली गादी सरकून पायात तीव्र कळ येणारे: यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लेटवर पाऊल ठेवू नये. हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांनीही नाही. आणि लघवीवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं यातलं काहीही दिसलं, तर प्लेट आणि सतरंजी दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

मामांनी प्लेट घेतली नाही. फिजिओने त्यांना तीन व्यायाम शिकवले: पाठीवर झोपून कंबर उचलणं, पोटावर झोपून छाती उचलणं, आणि रांगत्या अवस्थेत उलटसुलट हात-पाय ताणणं. संध्याकाळी ते बांधाने पंपापर्यंत चालत जाऊन येतात. कंबर अधूनमधून धरते अजून, पण उसण भरून आठ दिवस अंथरुणाला खिळणं यंदा एकदाही झालं नाही.