दोन लाख छप्पन्न हजार शंभर रुपयांचा व्हिडिओ

रक्कम आधी सांगतो. २,५६,१०० रुपये. जुनं परदेशी पिस्तूल विकतो म्हणणाऱ्या एका ठगाला, चार वेळा मिळून, माझ्याच मोबाईलवरून गेले. त्यातले ३८,४५० कुठल्याशा खात्यात गोठवून ठेवलेत असं कळतं. बाकीचे गेले.

दुसरी गोष्टही आधीच सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. माझ्याकडे शस्त्राचं लायसन्स आहे. कट्टा विकत घ्यायला गेलो आणि फसलो, असला प्रकार नाही. काळबादेवीला माझं दागिन्यांच्या सेटिंगचं जॉबवर्क आहे आणि घर मुलुंडला. माल कधी आंगडियाकडे, म्हणजे आमच्या धंद्यातल्या खासगी कुरिअरकडे, जातो, कधी स्वतः घेऊन लोकलने जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका कारागिराला संध्याकाळी सातच्या गर्दीत चाकू दाखवून लुटलं, त्यानंतर मी अर्ज केला. पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं रीतसर झालं. लायसन्सवर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, नॉन प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई नसलेल्या मापाच्या नळीचं. आपल्यासारख्यांना व्यवहारात .३२ इंच.

आता कोणतं घ्यायचं? इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण फसवणुकीचं मूळ इथेच आहे. सरळ मार्ग सरकारी कारखान्याच्या मालाचा. कानपूरची निर्भीक ही .३२ रिव्हॉल्वर २०१४ साली आली. सहा गोळ्या, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत १,२२,३६०. मी हातात घेऊन पाहिली, वाईट नाही. पण रिव्हॉल्वरचं चक्र कमरेला फुगतं. आमच्या गर्दीत शर्टाखाली ते लगेच दिसतं, आणि हँडगन होल्स्टरमध्ये पूर्ण झाकलेली पाहिजे असा शस्त्र नियम २०१६ चा दंडकच आहे. उघड्यावर मिरवली की लायसन्सवर गदा.  मला हवं होतं चपटं, बारीक, खिशापेक्षा जरा मोठं पिस्तूल, जे रात्री घरच्या तिजोरीत आणि दिवसा कमरेला, दोन्हीकडे चालेल.

सरकारी कारखान्याचं अशनी हे पिस्तूल .३२ मध्ये आहे, पण ते मला अंगाला जड वाटलं. राहता राहिलं इम्पोर्टेड. आणि इम्पोर्टेड म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येते, वॉल्थर पीपीके. १९३१ सालचं डिझाइन, ७.६५ मिलिमीटर म्हणजे आपलं .३२, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, सात गोळ्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी हँडगनची आयात बंद आहे. त्यामुळे देशात जी आहेत ती जुनी, हातोहात फिरणारी, आणि म्हणून किंमत लाखांत. (गोळ्यांचं एक ध्यानात ठेवा. रिव्हॉल्वरची .३२ आणि पिस्तुलाची .३२ वेगळी असते. एकीची दुसऱ्यात चालत नाही. विकणारे नुसतं 'बत्तीस' म्हणून मोकळे होतात.)

फोर्टातल्या एका जुन्या डीलरने मला सांगितलं होतं, "साहेब, इम्पोर्टेडच्या नादी लागू नका. घ्यायचंच असेल तर दुकानात जमा असलेलं घ्या." मी ऐकलं होतं. पण त्याच्याकडे तेव्हा पीपीके नव्हतं, आणि येईल म्हणून महिनोन् महिने थांबायचं का? माल तर रोज ने-आण करायचा होता.

त्याच सुमारास हा 'पुतण्या' भेटला. नाव सांगत नाही, जे सांगितलं ते खोटंच असणार. परवानाधारकांच्या एका ग्रुपवर त्याचा मेसेज आला. काका रिटायर्ड सुभेदार, साताऱ्याचे, गेल्या वर्षी वारले, काकूंना पैशांची गरज, वॉल्थर पीपीके .३२, किंमत ४,२५,०००. बोलायला इतका गोड की काय सांगू. "दादा, आपल्या मराठी माणसाच्या घरात जावं एवढीच काकूंची इच्छा आहे." अशा वेळी सातारा, सुभेदार आणि विधवा काकू एका वाक्यात आले की मी काय, कुणीही विरघळेल. काकांच्या लायसन्सचा फोटो पाठवला, त्यावर शिक्के, यूआयएन, सगळं. ३,८५,००० ला ठरलं. टोकन २५,००० गेले यूपीआयने.

मग व्हिडिओ आला. हा व्हिडिओ मी आता किती वेळा पाहिलाय ते विचारू नका. निळ्या फुलांची चादर, त्यावर पिस्तूल. एक हात ते उचलतो, डावी बाजू दाखवतो, उजवी दाखवतो, मॅगझिन काढतो, परत घालतो. नळीचं तोंड कॅमेऱ्याकडे वळतं, मग उलटं होऊन मुठीचा तळ दिसतो. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, वॉल्थरच्या नावाचा पट्टा ठसठशीत. जिथे कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, कोरलेलं असतं तिथे मात्र प्रत्येक वेळी अंगठा. आणि मुठीच्या तळाला एक जाडसर स्क्रू, ज्याला बोटांनी फिरवायला पंख आहेत. नळीच्या तोंडात पाहाल तर आत दुसरी बारीक नळी, आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड. पीपीकेला मुठीखाली स्क्रू नसतो. तो असतो कार्बन डायऑक्साइडची बाटली दाबून बसवायच्या छऱ्याच्या पिस्तुलाला. हुबेहूब पीपीकेसारखी दिसणारी छऱ्याची पिस्तुलं मिळतात, .१७७ ची, आणि २० ज्यूलच्या आतली असतील तर त्यांना लायसन्सही लागत नाही.

हे सगळं मला नंतर त्या फोर्टच्या डीलरने सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाजवळ नेला आणि स्क्रू आला तिथे थांबवून म्हणाला, "हे छऱ्याचं आहे." तीन शब्द. तोवर पैसे गेले होते.

मला विचाराल तर तो स्क्रू मी पाहिला होता. डोळ्यांसमोरून गेला होता. वाटलं, जुन्या मॉडेलला असेल काहीतरी. सोन्याच्या बारीक कोंदणात हिऱ्यातला दोष मी तिसऱ्या सेकंदाला पकडतो, पण ज्या वस्तूशी उभ्या जन्मात संबंध आला नाही तिच्या तळाचा स्क्रू मला कसा कळणार? ज्यांना हे सहज दिसलं असतं त्यांनी खुशाल हसावं.

पुतण्याची घाई मात्र अतिशय हुशारीची होती. २०२४ चा ऑक्टोबर, विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल अशी हवा. तो म्हणाला, "आचारसंहिता लागली की शस्त्रं पोलिसांत जमा होणार. मग तुमचं ट्रान्सफर जानेवारीपर्यंत लटकलं." निवडणुकीत परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात हे खरंच आहे, म्हणून ते पटलं. आणि वर, "दसऱ्याला शस्त्रपूजा असते दादा, मुहूर्त सोडू नका." १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुपारी, मी १,५०,००० आयएमपीएसने पाठवले. त्याच रात्री वांद्र्यात माजी मंत्र्यावर गोळ्या झाडल्याची बातमी आली आणि आमची ही म्हणाली, "बरं झालं, लवकर घेऊन टाका."

सोमवारी फोन आला, जीएसटी भरायचा आहे. १८ टक्क्यांनी ६९,३००. मी पाठवले.

आता यावर माझा भाचा, जो सीएची आर्टिकलशिप करतो, अजून माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो. कारण मी दर महिन्याला रिटर्न भरणारा माणूस. दागिन्यावर ३ टक्के, घडणावळीवर ५, हे झोपेत सांगेन. रिव्हॉल्वर-पिस्तुलावर तेव्हा २८ होता, १८ नव्हता. आणि मुळात घरगुती माणसाने दुसऱ्या माणसाला जुनी वस्तू विकली तर जीएसटी कसला? मान्य. पण धनत्रयोदशी तोंडावर, कारागीर दोन सुट्टीवर, समोर तीन व्यापारी माल मागत बसलेले, आणि कानाला फोन. त्या वेळी कोण हिशोब करतं? जीएसटी म्हटलं की आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो, अशी सवय लावून ठेवली आहे सरकारने.

१५ तारखेला दुपारी आचारसंहिता जाहीर झाली. तासाभरात शेवटची मागणी. एनओसी आणि वाहतूक परवाना, ११,८००. ते गेल्यावर रात्रीपासून फोन बंद, डीपी गायब.

कायदा मी नंतर वाचला. वाचून डोकं फिरलं. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवानाधारकाने आपलं शस्त्र दुसऱ्याला विकायचं असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह, लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. म्हणजे दसऱ्याला ठरवून आचारसंहितेआधी ट्रान्सफर हा प्रकारच अस्तित्वात नाही. दुसरं, माणूस वारला की त्याच्या लायसन्सवरचं शस्त्र घरच्यांनी विनाविलंब पोलिसांत किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं असतं. वर्षभर ते काकूंच्या चादरीवर पडून राहूच शकत नाही. विकणारा जिवंत असो वा मेलेला, शस्त्र जिथे जमा आहे त्या डीलरच्या दुकानात जाऊन, वस्तूवरचा नंबर आणि लायसन्सवरचा नंबर स्वतः जुळवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. टोकनसुद्धा नाही.

आता पोलिसांचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पावती क्रमांक मिळाला. हे जितकं लवकर कराल तितकं बरं, पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडकू शकतात. माझे ३८,४५० त्यानेच अडकले. इथपर्यंत ठीक. मग गेलो पोलीस ठाण्यात. टेबलामागच्या साहेबांनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न, "तुम्हाला पिस्तूल कशाला पाहिजे?"

मी म्हटलं, साहेब, लायसन्स आहे, हे बघा.

"ते बरोबर आहे हो. पण कशाला पाहिजे?"

म्हणजे मी लुटला गेलोय आणि चौकशी माझी. आमच्या हद्दीत येत नाही, पैसे जिथे गेले तिथे जा. तिथे कुठे, तर दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी शाखेत, कुणा मजुराच्या नावाच्या खात्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता गुन्हा नोंदवायचं स्पष्ट लिहिलंय. हे मी छापून घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "इंटरनेटवरून वकिली करू नका." शेवटी एफआयआर नाही, अर्ज घेतला. पोच मागितली तर "उद्या या". उद्या गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला. निवडणूक चालू, कोण भेटणार? नंतर ज्यांनी हातात घेतलं त्यांनी मलाच खुलासा लिहून मागितला, की परवानाधारक असून अनोळखी इसमाशी शस्त्राचा व्यवहार का केलात. दीड पान लिहून दिलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा, म्हणजे फसवणुकीचा, गुन्हा नोंदायला किती वेळ लागावा? ज्याने पैसे खाल्ले त्याचा खुलासा कोण घेणार?

बँकेचं आणखी वेगळं. ३८,४५० गोठवलेत, पण सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं त्यांनी सांगितलं. कोर्टात अर्ज करायला वकील १५,००० मागतो. खात्याचा नंबर माझ्याकडे, नाव माझ्याकडे, पैसे तिथे पडलेत हे त्यांना ठाऊक. तरी "सर, प्रोसेस आहे." माझे पैसे बाहेर जाताना कुठली प्रोसेस आडवी आली नव्हती.

एक सूचना त्यांच्यासाठी, जे या ग्रुपांवर आहेत. लायसन्सचा फोटो कुणाला पाठवू नका. त्या पुतण्याने माझ्याही लायसन्सचा फोटो 'ट्रान्सफरसाठी' घेतला, आणि आता तो फोटो कुणाच्या तरी पुतण्याच्या हातात आहे. मी पोलिसांना हेही लेखी दिलंय, नाहीतर उद्या माझ्या यूआयएनवर काय विकलं जाईल देव जाणे. व्यवहाराचे स्क्रीनशॉट लगेच काढा, समोरच्याने मेसेज पुसायच्या आत. व्हिडिओ कॉल करा आणि मॅगझिन काढून आतली गोळी, स्लाइड मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा), नंबर, मुठीचा तळ, हे तिथल्या तिथे दाखवायला सांगा. कट मारलेला व्हिडिओ घेऊ नका. पैसे फक्त डीलरच्या दुकानात, पावती घेऊन. आणि समोरचा 'काकू' म्हणाला की फोन ठेवा.

मी रिव्हॉल्वर कारखान्याचीच बुक करणार आहे. चक्र फुगो नाहीतर काही होवो. गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका परवानाधारकाने मला एक व्हिडिओ पाठवून विचारलं, "भाऊ, हे पीपीके घेऊ का?" निळ्या फुलांची चादर, अंगठा कॅलिबरवर, तळाला तोच स्क्रू. किंमत ३,१०,०००. या वेळी काका साताऱ्याचे नाहीत, अमरावतीचे आहेत. त्या विकणाऱ्याचा नंबर मी पोलीस ठाण्यात नेऊन दिला. तिथे सांगितलं, नवीन अर्ज करा.